क्रायो की फॅक्टर? हिमोफिलियाच्या डॉक्टरांचं उलटंसुलटं होणारं गणित

माझ्या भाच्याला हिमोफिलिया आहे, ए टाइपचा, सिव्हियर. हे कोणाला सांगितलं की समोरचा माणूस दोनच गोष्टी बोलतो. एक, "म्हणजे जरा कापलं की रक्त थांबतच नाही ना?" आणि दुसरी, आवाज खाली आणून, "मग त्याला सारखं दुसऱ्यांच्या रक्ताचं काय काय टोचायचं म्हणजे... एड्सबिड्स?" यंदा चवथीला आमच्या मोठ्या काकींनी हा दुसरा प्रश्न गणपतीवर बांधलेल्या फळांच्या माटोळीखाली बसून सगळ्यांदेखत विचारला आणि माझी बहीण काही न बोलता उठून आत गेली.

पहिला प्रश्न बराचसा गैरसमजातला आहे. दुसरा मात्र तसा नाही. एक काळ होता जेव्हा ह्याच प्रश्नावर जगातले मोठमोठे डॉक्टर अडकले होते आणि त्यातल्या बहुतेकांचं उत्तर चुकलं, आणि त्या चुकीत हजारो माणसं गेली. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढू, काकींनाही पाठवता येईल. मी डॉक्टर नाही हां, अकाउंट्सचा माणूस आहे, पण ह्या विषयात शेवटी जे आहे ते गणितच आहे असं माझं मत झालंय.

आधी रक्त गोठतं कसं ते बघू. खाजनाचे, म्हणजे खाडीकाठच्या शेतांचे, बांध बघितलेल्या माणसाला हे सोपं जाईल. बांधाला भगदाड पडलं की लोक धावत जाऊन हाताला मिळेल ती माती टाकतात, पाणी तेवढ्यापुरतं थांबतं. पण नुसती माती पुढच्या भरतीला वाहून जाणार, म्हणून मागोमाग खुंट ठोकतात, दगड बसवतात, तेव्हा ती माती धरून राहते. रक्तात माती टाकायचं काम प्लेटलेट्स करतात आणि खुंट ठोकून जाळी विणायचं काम फॅक्टर नावाची प्रथिनं करतात. ह्या फॅक्टरना नंबर दिलेले आहेत, एकाने दुसऱ्याला उठवायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी साखळी. त्यातला आठ नंबरचा गडी नसला तर हिमोफिलिया ए, नऊ नंबरचा नसला तर बी.

म्हणून बोट कापलं तर माझ्या भाच्याचं रक्त तुमच्यासारखंच थांबतं, कारण माती टाकणारे हजर आहेत. त्रास नंतर होतो, काही तासांनी, भरती आल्यावर. आणि खरा त्रास बाहेरून दिसतच नाही, तो आत असतो, गुडघ्यात, कोपरात, घोट्यात. सकाळी पोरगा म्हणतो गुडघ्यात कसंतरीच होतंय आणि दुपारपर्यंत गुडघा नारळाएवढा. असं पाच-पन्नास वेळा एकाच सांध्यात झालं की तो सांधा कामातून जातो. आणि रक्त डोक्यात उतरलं तर जीवच जातो.

आठ नंबर फॅक्टर नॉर्मलच्या १ टक्क्याहून कमी असला तर सिव्हियर, १ ते ५ मॉडरेट, ५ ते ४० माइल्ड. जन्माला येणाऱ्या साधारण ५००० मुलग्यांमागे एकाला ए असतो, बी त्याहून बराच दुर्मीळ. बिघाड एक्स क्रोमोझोमवर असतो, तो आईकडून येतो, म्हणून घरातल्या बायका लगेच आईकडे बघतात, पण जवळजवळ एक तृतीयांश केसमध्ये घराण्यात आधी कोणालाच नसतो, बिघाड नव्यानेच झालेला असतो. आमच्याकडेही कोणाला नव्हता. हे मी मुद्दाम लिहितोय, काकी वाचणार आहेत.

आता औषध. औषध म्हणजे काय तर जो गडी नाही तो बाहेरून आणायचा, आणि कितीतरी वर्षं तो मिळायची जागा एकच होती, दुसऱ्या माणसाचं रक्त.

इथून पुढे आकडे येतील, घाबरू नका, सोपे आहेत. आठ नंबरचं एक युनिट म्हणजे साधारण एक मिलिलीटर नॉर्मल प्लाझ्मात (रक्तातल्या पेशी काढल्या की उरतं ते पिवळसर पाणी) असतं तेवढं. किलोमागे एक युनिट दिलं की पातळी २ टक्क्यांनी वर जाते. भाच्याचं वजन ३० किलो. गुडघ्यातलं रक्त थांबवायला पातळी ४० टक्क्यांपर्यंत न्यायची तर किलोला २० युनिट, म्हणजे ६०० युनिट. हे साध्या प्लाझ्मातून द्यायचं तर ६०० मिलिलीटर पाणी त्या पोराच्या अंगात ढकलायला लागेल, आणि फॅक्टर आठ ८ ते १२ तासांत अर्धा संपतो, की परत ढकला. हृदयावर, फुप्फुसांवर ताण येतो. म्हणून जुन्या काळी सिव्हियरवाली मुलं तरुणपण बघायच्या आधीच जायची, रक्त उपलब्ध असूनसुद्धा.

१९६४-६५ च्या सुमाराला अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये ज्युडिथ पूल नावाच्या बाईंच्या लक्षात आलं की गोठवलेला प्लाझ्मा फ्रीजच्या थंडीत सावकाश वितळू दिला की तळाला पांढुरका गाळ उरतो आणि फॅक्टर आठ बराचसा त्या गाळातच असतो. हाच क्रायो, क्रायोप्रेसिपिटेट. साधी ब्लड बँकसुद्धा तो बनवू शकते. एका पिशवीत साधारण ८० युनिट. म्हणजे भाच्याच्या एका गुडघ्याला आठेक पिशव्या, आठ पिशव्या म्हणजे आठ रक्तदाते. हा आठ आकडा लक्षात ठेवा.

पुढे सत्तरच्या दशकात कंपन्यांनी हजारो लोकांचा प्लाझ्मा एकाच मोठ्या टाकीत ओतून त्यातून फॅक्टरची पावडर काढायला सुरुवात केली. कॉन्सन्ट्रेट म्हणतात त्याला, आपल्याकडे नुसतं फॅक्टर. छोटी काचेची बाटली, घरच्या फ्रीजमध्ये राहते, त्यात पाणी घालून विरघळवा आणि आईने घरीच शिरेत द्या. ज्या मुलांचं बालपण हॉस्पिटलच्या खाटेवर जात होतं ती शाळेत जायला लागली, सहलीला जायला लागली, पुढे नोकरीला लागली, लग्नं केली. हे ज्या डॉक्टरांनी डोळ्यांनी बघितलं त्यांच्यासाठी ती बाटली म्हणजे काय असेल ह्याचा विचार केल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. ह्या डॉक्टरांनी दहा वर्षांपूर्वी ह्याच वॉर्डात पोरं मरताना बघितली होती.

तर टाकी. एका टाकीत २०,००० लोकांचा प्लाझ्मा, असे आकडे तेव्हा सर्रास होते. वर अमेरिकेत पैसे देऊन प्लाझ्मा घ्यायचे, तुरुंगातल्या कैद्यांकडूनसुद्धा घ्यायचे, आणि तोच माल परदेशात जायचा. पैशासाठी रक्त विकायला येणारा माणूस स्वतःचा आजार सांगेल कशाला?

समजा दर १०,००० दात्यांमागे एकाच्या रक्तात विषाणू आहे. हा आकडा मी हिशेबासाठी धरलाय. भाच्याला क्रायोवर ठेवला, वर्षाला २५ वेळा ब्लीड झालं, दर वेळी ८ पिशव्या, म्हणजे २०० दाते. लागण व्हायची शक्यता वर्षाला १०० त २. कमी नाही, पण धकवून नेता येईल अशी. आता फॅक्टरवर ठेवला. २०,००० जणांच्या टाकीत सरासरी दोन दूषित दाते पडणार, शंभर टाक्या घेतल्या तर त्यातल्या ८६ टाक्यांमध्ये निदान एक तरी. आणि एका नासक्या आंब्याने आढी नासते तशी ती आख्खी टाकी नासली, तिच्यातून निघालेली प्रत्येक बाटली संशयित. इथे वर्षभर थांबायला नको, दोनचार टाक्यांच्या बाटल्या घेतल्या की झालं.

हे एवढं सरळ गणित मग डॉक्टरांना दिसलं नाही का? दिसलं, पण अर्धं. आणि गंमत म्हणजे (गंमत हा शब्द इथे बरोबर नाही, पण असो) ते आधीच दिसायला लागलं होतं, काविळीच्या रूपाने. फॅक्टर घेणाऱ्या बहुतेक सगळ्यांची लिव्हरची टेस्ट बिघडायची. सत्तरच्या दशकात हिपॅटायटिस ए आणि बी च्या टेस्ट आल्या, त्यात काही निघेना, म्हणून त्या आजाराचं नावच पडलं नॉन-ए नॉन-बी, म्हणजे "हा पण नव्हे तो पण नव्हे". पेशंट हिंडता-फिरता, डोळे पिवळे नाहीत, दुखत नाही. बऱ्याच डॉक्टरांनी ठरवून टाकलं की सौम्य आहे, गुडघ्याच्या बदल्यात एवढं चालेल. १९८९ मध्ये त्याचा विषाणू सापडला, तोच हिपॅटायटिस सी, वीस-तीस वर्षांत लिव्हर दगड करणारा. म्हणजे इथे डॉक्टरांनी आज दुखतंय ते मोजलं आणि वीस वर्षांनी दुखणार होतं ते मोजलंच नाही. ही सवय आधीच लागलेली होती, आणि तेवढ्यात १९८२ साल उजाडलं.

जुलै १९८२. अमेरिकेच्या रोग नियंत्रण संस्थेने छापलं की तीन हिमोफिलियाच्या पेशंटना तो नवा विचित्र न्यूमोनिया झालाय, जो तोपर्यंत मुख्यतः समलिंगी पुरुषांमध्ये दिसत होता. विषाणू अजून सापडलेला नाही, टेस्ट नाही, एड्स हे नावसुद्धा पक्कं झालेलं नाही. आता तुम्ही डॉक्टरच्या खुर्चीत बसा. अमेरिकेत तेव्हा हिमोफिलियाचे पेशंट सुमारे २०,०००, त्यातले तीन आजारी. दुसऱ्या बाजूला डोक्यात रक्त उतरून मरणारे तुम्हाला दर वर्षी दिसतात, नावानिशी माहीत आहेत. अशात आईला सांगणार का, बाई ही बाटली बंद करा, परत हॉस्पिटलमध्ये येऊन क्रायोच्या पिशव्या लावून घ्या? इकडे आड तिकडे विहीर म्हणतात तसं, फक्त आड दिसत होता आणि विहिरीवर गवत उगवलेलं होतं.

खरं म्हणजे ते तीन म्हणजे उशीर झाल्याची खूण होती. लागण झाल्यापासून आजार दिसेपर्यंत वर्षं जातात. नंतर जेव्हा साठवून ठेवलेल्या जुन्या रक्ताच्या नमुन्यांची टेस्ट केली तेव्हा कळलं की अनेकांना १९८२ च्या आधीच लागण होऊन गेली होती. म्हणून मी सगळ्याच डॉक्टरांना एका फटक्यात गुन्हेगार म्हणणाऱ्यातला नाही. १९८० ला बाटली दिली त्याला काय बोलणार.

पण १९८३ ला दिली त्याचं काय, हा प्रश्न वेगळा आहे. मे १९८३ मध्ये इंग्लंडमधले साथरोगांचे मोठे अधिकारी डॉ. स्पेन्स गॅलब्रेथ ह्यांनी सरकारला लिहून कळवलं की १९७८ नंतर अमेरिकेत घेतलेल्या रक्ताचं फॅक्टर वापरणं थांबवा. ऐकलं नाही कोणी. का ऐकलं नाही ह्याची कारणं बघितली तर ती वाईट माणसांची कारणं वाटत नाहीत, तेच जास्त त्रासदायक आहे: पुरावा अजून पक्का नाही, पर्यायी माल पुरणार नाही, लोक घाबरून उपचारच सोडतील आणि ब्लीडने मरतील. ह्यातलं शेवटचं तर खरंही होतं.

मग त्यातल्या त्यात शहाणपणाचा रस्ता होता का? होता, आणि तो सगळ्यांना एकाच मापाने न मोजण्याचा होता. माइल्डवाला पेशंट वर्षात एकदा दात काढायला येतो, त्याला २०,००० जणांची टाकी द्यायची गरजच नाही, त्याच्यासाठी डेस्मोप्रेसिन नावाचं औषध १९७७ पासून माहीत होतं, ते शरीरात साठलेला स्वतःचाच फॅक्टर आठ बाहेर काढतं, दुसऱ्याचं थेंबभर रक्त लागत नाही. दोन वर्षांचं पोर, ज्याला आजवर कधी फॅक्टर दिलेलं नाही, त्याला क्रायोवर ठेवता येत होतं, आठ पिशव्याही लागणार नाहीत, दोन-तीनमध्ये भागेल. आणि जो तीस वर्षांचा सिव्हियर माणूस पाच वर्षं अमेरिकन बाटल्या घेतोय त्याचं काय व्हायचं ते बहुतेक होऊन गेलेलं, त्याला बाटली बंद करून फायदा थोडा आणि धोका जास्त. म्हणजे एकाच दिवशी, एकाच ओपीडीत, तीन पेशंटना तीन वेगळी उत्तरं, आणि तिन्ही बरोबर. काही डॉक्टरांनी असं केलंही. फिनलंडसारख्या देशात आपल्याच रक्तदात्यांच्या, छोट्या प्रमाणावर बनवलेल्या मालावर भर होता, तिथे एचआयव्ही झालेले हिमोफिलियाचे पेशंट अगदी थोडे निघाले. अमेरिकेत जवळपास निम्म्या पेशंटना झाला.

ब्रिटनमध्ये साधारण १२५० जणांना झाला, त्यातली ३८० मुलं होती. चाळीस वर्षं भांडल्यावर तिथे चौकशी झाली, सर ब्रायन लँगस्टाफ ह्यांचा अहवाल मे २०२४ मध्ये आला आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की हा अपघात नव्हता. ट्रेलोअर्स नावाची निवासी शाळा होती, हिमोफिलियाच्या मुलांची खास सोय, शाळेतच उपचार केंद्र. १९७० ते १९८७ मध्ये तिथे हिमोफिलियाचे १२२ विद्यार्थी होते, आज त्यातले तीसेक जिवंत आहेत. मुलांवर फॅक्टरचे प्रयोग चालले होते आणि आईबापांना विचारलेलं नव्हतं. लोकांची एचआयव्ही टेस्ट न सांगता केली, रिझल्ट आल्यावरही कितीतरी दिवस सांगितलं नाही. मला विचाराल तर चुकीचा अंदाज मी माफ करीन, अंदाज सगळ्यांचे चुकतात, पण समोर बसलेल्या बाईच्या पोराचा जीव पणाला लागलाय आणि तिला कळूच द्यायचं नाही की तो पणाला लागलाय, हे माझ्या हिशेबात कुठेच बसत नाही.

आता आपल्याकडे या. भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला १९८६ ला, चेन्नईत. गोव्यातल्या जुन्या लोकांना रक्त आणि एड्स म्हटलं की एकच नाव आठवतं, डॉमिनिक डिसोझा. पर्रा गावचा तरुण, नेमाने रक्तदान करणारा. फेब्रुवारी १९८९ मध्ये त्याला पोलिसांनी बोलावून नेलं, कारण त्याने दिलेलं रक्त तपासणीत पॉझिटिव्ह निघालं होतं, आणि तेव्हाच्या गोव्याच्या आरोग्य कायद्यात अशा माणसाला वेगळं डांबून ठेवायची तरतूद होती. म्हापशाच्या जुन्या टीबी इस्पितळात ६४ दिवस ठेवला, एकटा. आईने हायकोर्टात केस घातली. सुटल्यावर त्याने पॉझिटिव्ह पीपल ही संस्था उभी केली आणि १९९२ च्या मेमध्ये तो गेला. लोक ह्या गोष्टीकडे मानवी हक्कांची गोष्ट म्हणून बघतात, ती आहेच. पण हिमोफिलियाच्या घरातून बघितलं तर अजून एक दिसतं: रक्त शुद्ध राहायचं असेल तर दाता खरं बोलायला हवा, आणि खरं बोलणाऱ्याला तुरुंग मिळणार असेल तर उद्या दाता फॉर्मवर काय लिहील?

त्याच सुमाराला, १९८९ मध्ये, देशात दान केलेल्या रक्ताची एचआयव्ही टेस्ट सक्तीची झाली. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने पैसे घेऊन रक्त देणं बंद करायचा आदेश दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून ते बंद झालं. हिपॅटायटिस सीची टेस्ट सक्तीची व्हायला मात्र २००१ उजाडलं. आज प्रत्येक पिशवी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी, सिफिलिस आणि मलेरिया ह्या पाचांसाठी तपासतात.

एवढं सगळं तपासल्यावर विषय संपायला हवा ना? नाही संपत, कारण लागण झाल्यानंतर सुरुवातीचे काही दिवस टेस्टमध्ये काही दिसतच नाही. ह्याला विंडो पीरियड म्हणतात. एचआयव्हीसाठी साध्या टेस्टला हा काळ दोन-तीन आठवड्यांचा असू शकतो, नॅट नावाच्या महागड्या टेस्टने तो दहा-अकरा दिवसांवर येतो, शून्य होत नाही. आणि नॅट सगळीकडे नसते.

मग फॅक्टरच्या बाटलीचं काय झालं? तिथे लोकांनी वेगळीच युक्ती केली, टेस्टवर विसंबून न राहता विषाणूच मारून टाकायचा. आधी उष्णता दिली. मग १९८५ च्या सुमाराला न्यूयॉर्कमध्ये सॉल्व्हंट-डिटर्जंट पद्धत आली, आणि ही मला फार आवडते, कारण कोरोनात आपण सगळे हेच करत होतो. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी ह्या तिघांच्या अंगावर चरबीचा कोट असतो, कोरोनासारखाच, साबणासारखं काही लागलं की कोट विरघळतो आणि विषाणू निकामी. फॅक्टर हे प्रथिन, त्याला कोटबिट नाही, ते टिकतं. ज्या विषाणूंना कोट नसतो, उदाहरणार्थ हिपॅटायटिस ए, ते ह्या साबणाला दाद देत नाहीत, म्हणून वर उष्णता किंवा बारीक गाळण्या लावतात.

आणि इथे गणित उलटं झालं बघा. कारखान्यात टाकीतला माल बेताने तापवता येतो, धुता येतो, गाळता येतो. ब्लड बँकेतली क्रायोची पिशवी कशी उकळणार, आठवा फॅक्टरच मरेल, आणि पिशवीगणिक ते करायची सोय कुठे आहे? म्हणजे १९८३ मध्ये आठ दात्यांचा क्रायो हा शहाणा पर्याय होता आणि २०,००० ची टाकी हा जुगार. दोन-तीन वर्षांत टाकी धुऊन मिळायला लागली आणि तोच क्रायो जास्त धोक्याचा ठरला, कारण त्याच्यामागे फक्त टेस्ट आहे, धुणं नाही. आजच्या जागतिक मार्गदर्शनातही हेच आहे, फॅक्टर मिळत असेल तर क्रायो नको. ज्या डॉक्टरने १९८३ चं उत्तर पाठ करून ठेवलं तो १९८६ ला नापास.

हे उलटंसुलटं इथेच थांबलं नाही. १९९२ मध्ये रिकॉम्बिनंट आलं, म्हणजे पेशींमध्ये बनवलेलं, माणसाच्या रक्तातून काढलेलं नव्हे. सगळे म्हणाले झालं, सुटलो. पण हिमोफिलियाच्या उपचारात एक दुसरा शत्रू आहे, इन्हिबिटर. ज्याच्या अंगात आठ नंबर कधी नव्हताच त्याचं शरीर कधीकधी त्या नव्या गड्याला परका समजून हाकलतं, मग कितीही फॅक्टर घाला, परिणाम नाही. २०१६ मध्ये एक मोठा अभ्यास आला, सिपेट, त्यात भारतातली मुलंसुद्धा होती. ज्यांना पहिल्यांदाच फॅक्टर मिळत होतं अशा मुलांत प्लाझ्मावाल्या फॅक्टरने २६.८ टक्क्यांना इन्हिबिटर झाले आणि रिकॉम्बिनंटने ४४.५ टक्क्यांना. म्हणजे ज्या रक्तातल्या मालाला सगळे घाबरत होते तो ह्या एका बाबतीत सरस निघाला. माझ्या बहिणीने हे ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आता कोणाला भ्यायचं ते तरी सांगा."

आता काकींसाठी. आज डॉक्टर ठरवतात कसं? जे मला आजवर ओपीडीच्या बाकड्यावर बसून कळलं ते असं की ते आधी धोका किती हे बघत नाहीत, आधी वेळ किती आहे हे बघतात. डोक्याला मार लागलाय? तिथे वाद नाही. फॅक्टर असेल तर फॅक्टर, आधी टोचायचं आणि मग स्कॅन, स्कॅनची वाट बघत थांबायचं नाही. आणि रात्री दोनला तुम्ही वाळपईच्या पुढे कुठे आहात आणि जवळच्या इस्पितळात फॅक्टर नाही, फक्त क्रायो आहे, तर क्रायो, डोळे मिटून. क्वचित कधीतरी निघेल अशी विंडो पीरियडची पिशवी एकीकडे आणि ह्या तासात डोक्यात साचणारं रक्त दुसरीकडे. तिथे "रक्तातून काही होणार नाही ना" म्हणत फॉर्मवर सही करायला अर्धा तास लावणारा बाप मी बघितलाय, त्याला दोष देत नाही, पण तो अर्धा तास महाग असतो.

गुडघा असेल तर विचाराला जागा आहे, फॅक्टर येईपर्यंत बर्फ, क्रेप बँडेज, पाय वर. दात किंवा हिरड्यांतून येत असेल तर ट्रानेक्झॅमिक ॲसिडने, म्हणजे गुठळी टिकवून धरणाऱ्या औषधाने, बरंच भागतं. माइल्ड ए असेल तर डेस्मोप्रेसिन. आणि हिमोफिलिया बी असेल तर क्रायो घेऊन काही उपयोगच नाही, त्या गाळात नऊ नंबर नसतो, फॅक्टर नऊ नाही मिळालं तर प्लाझ्मा. म्हणून पेशंटच्या खिशातल्या कार्डावर ए की बी हे ठळक लिहिलेलं हवं. एकदा आमच्याच ओळखीच्या मुलाला कुठल्याशा दवाखान्यात बी असून क्रायो लावला होता, धोका सगळा घेतला आणि फायदा शून्य. ॲस्पिरिन नको, कमरेवर किंवा कुठल्याही स्नायूत इंजेक्शन नको, हिपॅटायटिस बीची लस मात्र घेतलेली हवी, ती कातडीखाली देतात.

बाटलीवरचा बॅच नंबर हा अजून एक प्रकार. बहीण प्रत्येक बाटलीचं लेबल काढून वहीत चिकटवते, तारीख, कुठला सांधा, किती युनिट. भावोजी आधी हसायचे, शाळेच्या प्रोजेक्टसारखं काय करतेस म्हणून. पण उद्या एखाद्या बॅचमध्ये काही निघालं तर आपल्या पोराला ती मिळाली होती का हे ह्या वहीशिवाय कोण सांगणार? इंग्लंडमधल्या कितीतरी लोकांची जुनी कागदपत्रं मागायला गेल्यावर सापडलीच नाहीत.

सध्या आमच्या घरात नवीन विषय चाललाय. एमिसिझुमॅब नावाचं इंजेक्शन आहे, २०१७ पासून वापरात आहे, ते फॅक्टर नव्हेच, नऊ आणि दहा नंबरच्या गड्यांना हाताला धरून एकत्र आणतं, आठ नंबर जे काम करायचा ते. कातडीखाली, आठवड्याला किंवा दोन-चार आठवड्यांनी एकदा, शीर शोधायची कटकट नाही, रक्तातलं काही नाही. भाच्याला त्यात एकच दिसतंय, फुटबॉल. सांगितलंय त्याला की फुटबॉल तरी नाहीच, पोहणं बघू, तो काही ऐकायच्या मूडमध्ये नाही.

मागच्या वेळी बांबोळीच्या इस्पितळात गेलो तेव्हा बहिणीने डॉक्टरांना सरळ विचारलं, "हे घेतलं तर अजून वीस वर्षांनी काय होईल?" डॉक्टर म्हणाले, "वीस वर्षांचं माझ्याकडे काही नाही. आठेक वर्षांचं आहे, ते सांगतो, मग तुम्ही घरी जाऊन विचार करा." आणि मग ते सांगत बसले, मध्ये मध्ये ओपीडीच्या कागदामागे आकडे काढत. बाहेर लाइन वाढत होती, सिस्टर दोनदा दारात येऊन गेली. तो कागदही बहिणीने वहीत चिकटवलाय.